एव्हरेस्टवीर तेनसिंग नोर्गे

तांबरमहून चेन्नई बीचकडे जाणाऱ्या लोकल गाडीने आपल्यापैकी कित्येकांनी उभी नोकरी काढली आहे. मीनंबाक्कम आणि पळवंतांगल मागे पडले की एक लहानशी टेकडी दिसते. इंग्रजांनी तिला सेंट थॉमस माउंट म्हटले. आपले तमिळ शेजारी तिला परंगिमलै म्हणतात. उंची अवघी तीनशे फुटांच्या आसपास, माथ्यावर जुने चर्च. या टेकडीचा आणि जगातील सर्वोच्च शिखराचा काही संबंध असेल, असे गाडीतील गर्दीत उभे असताना कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु तो आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने या टेकडीच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची एक रेषा पोलादी साखळीने मोजावयास आरंभ केला. त्या रेषेच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण रचीत हिंदुस्थानची मोजणी पुढे सरकत गेली. लॅम्बटन काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. राधानाथ सिकदार यांच्या गणितातून पंधरावा क्रमांक दिलेले शिखर सर्वांत उंच ठरले, १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि १८६५ मध्ये त्यास एव्हरेस्टचे नाव मिळाले. नेपाळ व चीन यांनी २०२० साली संयुक्तपणे जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर आहे. दीडशेहून अधिक वर्षांत फरक पडला तो फार तर तीस फुटांचा!

उंची जाहीर झाल्यानंतर त्या माथ्यावर माणूस पोचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. पोचलेल्या दोघांपैकी एक तेनसिंग नोर्गे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आमच्यासमोर हेच नाव प्रथम आले. त्यास कारण आहे. आमच्या लहानपणी अनुबोधपट म्हणजे मुख्य चित्रपटापूर्वी दाखविला जाणारा फिल्म्स डिव्हिजनचा दहा-पंधरा मिनिटांचा कृष्णधवल तुकडा. तो संपेपर्यंत लोक बाहेर विडी ओढीत उभे असत. आजची मुले अनुबोधपट आपणहून शोधून पाहतात, आणि त्यांतही हिमशिखरांवरील मृत्यूशी झुंजीचे चित्रपट त्यांना विशेष प्रिय आहेत. हिमस्खलन, हिमदंश, प्राणवायूचा तुटवडा हे शब्द आपल्या मंडळातील दहावीच्या मुलांच्या तोंडी आहेत. ते ऐकून त्यांच्या आया धास्तावतात आणि वडील अभिमानाने इतरांस सांगतात. या दोघांनीही तेनसिंग यांचे आयुष्य जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण अशा चित्रपटांत जे दिसते ते त्यांनी प्रत्यक्ष केले होते, आणि जे सहसा दिसत नाही तेही त्यांनीच आयुष्यभर वाहिले होते.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. पुढे त्यांनी २९ मे हाच आपला वाढदिवस मानला. आईवडील तिबेटी, याकांचे कळप राखणारे. तेरा भावंडांतील ते अकरावे आणि त्या तेरांतील बहुतेक लहानपणीच गेली. जन्मतः ठेवलेले नाव नामग्याल वांगदी. ते बदलून तेनसिंग नोर्गे हे नाव ठेवावे असे एका थोर लामाने सुचविले. भाग्यवान धर्मानुयायी असा काहीसा त्याचा अर्थ. जन्मस्थान आपण नेपाळातील खुंबू भागातले सांगत असत. एव्हरेस्टच्या पूर्वेस तिबेटच्या बाजूला असलेल्या खोऱ्यात ते जन्मले आणि कुटुंब नंतर नेपाळातील थामे गावी आले, असे पुढे त्यांच्या घरच्यांनीच लिहिले आहे. घराच्या वरच्या अंगास तो डोंगर होता. गावकरी त्याला चोमोलुंग्मा म्हणत, आणि आई किंझोम सांगे की ज्याच्यावरून पक्ष्यालाही उडता येत नाही असा तो डोंगर आहे.

मुलास मठात घालण्याचा एक प्रयत्न झाला. तेथे कोणा लामाने डोक्यात मारले, मुलगा घरी पळून आला आणि पुन्हा मठात गेला नाही. अक्षरओळख राहिली ती कायमचीच राहिली. पुढे अनेक भाषा बोलणारा, देशोदेशींच्या राजांशी व पंतप्रधानांशी हस्तांदोलन केलेला हा गृहस्थ जेमतेम सही करू शके. आम्ही सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेली माणसे. कागदावाचून माणसाचे मोल ठरत नाही अशी आमची नकळत समजूत झालेली असते. तिला येथे थोडा धक्का बसतो.

त्या काळी खुंबूतील तरुण दार्जिलिंगकडे का जात? पोटासाठी. साहेबांच्या मोहिमा तेथून निघत आणि ओझे वाहणारे तेथेच भरती होत. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ७ जून रोजी हिमस्खलन झाले आणि सात ओझेकरी गाडले गेले. साहेब लोक वाचले. त्या मोहिमेबरोबर आणि १९२४ च्या मोहिमेबरोबर कॅप्टन जॉन नोएल हे चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन गेले होते. मॅलरी आणि अर्विन ज्या चढाईवरून परतले नाहीत ती हीच १९२४ ची मोहीम. नोएल यांचा मूकपट लंडनमध्ये लागला तेव्हा खेळापूर्वी रंगमंचावर नाचण्यासाठी तिबेटातून सात लामा आणविले होते. ल्हासाच्या दरबारास हा धर्माचा बाजार वाटला, आणि तो राग निवळून पुढील इंग्रज मोहीम निघण्यास १९३३ साल उजाडले. हिमालयातील गिर्यारोहणाच्या चित्रपटाचा इतिहास असा पहिल्या पिढीपासूनच ओझेकऱ्यांचे मरण आणि तिकीटखिडकी या दोहोंशी बांधला गेला आहे.

ते १९३३ साल उजाडले त्या सुमारास अठरा-एकोणीस वर्षांचे तेनसिंग घरातून पळून दार्जिलिंगला आलेले होते. जवळच्या एका खेड्यात गाई राखल्या, दूध विकले. मोहिमेची भरती चालू झाल्यावर मोठ्या आशेने गेले आणि नाकारले गेले. शहरात आल्यावर त्यांनी शेरपांसारख्या लांब वेण्या कापून टाकल्या होत्या. भरती करणाऱ्यांना हा शेरपाच वाटला नाही. खेड्यातून आलेल्या मुलाने शहरी दिसावे म्हणून केस कापावेत आणि त्याच कारणाने नोकरी जावी, हे परमुलखात नोकरीस आलेल्या आपल्यासारख्यांना पटकन उमगेल.

१९३५ साली एरिक शिप्टन यांनी त्यांना अगदी अखेरच्या क्षणी निवडले. अनुभव शून्य, आवडले ते त्यांचे हसू, असे शिप्टन यांनी पुढे सांगितले आहे. त्याच वर्षी त्यांनी दावा फुटी हिच्याशी संसार मांडला. त्या पहिल्याच मोहिमेत वाटेवर एक प्रेत आढळले. मॉरिस विल्सन नावाचा एक इंग्रज आदल्या वर्षी श्रद्धेच्या बळावर शिखर गाठण्यास निघाला होता. तो तेथे गारठून मेला होता. एव्हरेस्टशी तेनसिंग यांची ओळख झाली ती अशी. पुढे १९३६ आणि १९३८ च्या मोहिमांत ते गेले. १९३८ मध्ये २७,२०० फुटांवरील छावणीपर्यंत ओझे चढविले आणि उत्तम शेरपांना मिळणारे ‘टायगर’ हे बिरुद मिळविले.

महायुद्धाने मोहिमा थांबल्या आणि धंदाही बसला. ती वर्षे त्यांनी वायव्य सरहद्दीवर चित्रळ येथे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चाकरीत काढली. चार वर्षांचा मुलगा १९३९ मध्ये गेला होता. १९४४ मध्ये चित्रळलाच दावा फुटीही गेली. दोन लहान मुली घेऊन ते दार्जिलिंगला परत आले आणि आंग ल्हामू या कर्त्या बाईशी त्यांनी दुसरा संसार केला. मोहिमांचे काम नव्हते तेव्हा तिच्या कमाईवर घर चालले. वीरांच्या चरित्रांत अशा बायकांस दोन ओळी मिळतात. आम्हीही त्याहून अधिक दिल्या नाहीत, हे खरे.

१९५० ते १९५२ या तीन वर्षांवर मात्र थोडे थांबले पाहिजे. शिखराहून आम्हांस ही वर्षे अधिक बोलकी वाटतात.

१९५० च्या थंडीत तीन तरुण इंग्रजांबरोबर ते नंगा पर्वताच्या पायथ्याशी पोचले. १९३४ आणि १९३७ या दोन वर्षांत त्या एका डोंगराने पंधरा शेरपांचे प्राण घेतले होते; दार्जिलिंगच्या शेरपा वस्तीत त्याचे नाव निघाले की घरे गप्प होत. भर हिवाळ्यात वर जाणे म्हणजे मरण, असे तेनसिंग यांनी त्या तिघांस सांगितले आणि शेरपांसह वर चढण्यास नकार दिला. मजुरी बुडण्याची, पुढे काम न मिळण्याची भीती होतीच. साहेब ऐकले नाहीत. थॉर्नली आणि क्रेस हे दोघे वरच्या तंबूतून परत आलेच नाहीत. तिसरा, मार्श, तेवढा वाचला. अनुबोधपटात नकाराचे चित्रण होत नाही, कारण नकारात पाहण्याजोगे काही घडत नाही. आमच्या मते मात्र तेनसिंग यांच्या धैर्याची पहिली मोठी खूण ती आहे.

पुढल्याच वर्षी, १९५१ मध्ये, फ्रेंच मोहिमेबरोबर ते नंदादेवीवर होते. तिचा नेता द्युप्ला आणि त्याचा जोडीदार विन्ये मुख्य शिखराकडे गेले आणि नाहीसे झाले. त्यांचा माग लागतो का हे पाहण्यासाठी द्युबॉस्त या फ्रेंच गिर्यारोहकाबरोबर तेनसिंग नंदादेवीच्या पूर्व शिखरावर चढले. आपण आयुष्यात केलेली सर्वांत कठीण चढाई हीच, एव्हरेस्ट नव्हे, असे ते नंतर सांगत. ही चढाई विक्रमासाठी नव्हती; हरवलेल्या माणसांना हुडकण्यासाठी होती.

मग १९५२ ची स्विस मोहीम. आतापर्यंत साहेब चढणारा आणि शेरपा वाहणारा अशी विभागणी होती. स्विसांनी तेनसिंग यांस शेरपांचे सरदार नेमलेच, शिवाय चढाई करणाऱ्या सदस्यांत बरोबरीचे स्थान दिले. रेमों लाँबेर हा त्यांचा दोरीवरचा जोडीदार. १९३८ मध्ये हिमदंशाने त्याच्या पायांची बोटे गेली होती. आखूड केलेले बूट घालून तो चढत असे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. २७ मेच्या रात्री ८,४०० मीटरच्या आसपास एका तंबूत ती दोघे बसून राहिली. झोपण्याच्या पिशव्या नाहीत, शेगडी नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात बर्फ वितळवून घोटभर पाणी केले आणि झोप लागून गारठू नये म्हणून रात्रभर एकमेकांस चोळीत, थोपटीत राहिले. दुसऱ्या दिवशी सदोष प्राणवायू यंत्रे पाठीवर घेऊन सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. शिखर समोर अडीचशे मीटरवर होते. पुढे गेलो तर पोचू, पण परतणार नाही, हे दोघांनाही कळले आणि दोघे मागे वळले. त्या वेळेपर्यंत इतक्या उंचीवर जाऊन जिवंत परतलेले दुसरे कोणीही नव्हते.

त्याच वर्षी शरदात स्विस पुन्हा आले. ३१ ऑक्टोबर रोजी ल्होत्सेच्या उतारावर बर्फाचे तुकडे कोसळून मिंग्मा दोर्जे हा शेरपा मेला. कडाक्याच्या वाऱ्याने मोहीम मागे फिरली आणि तेनसिंग आजारी पडून पाटण्याच्या रुग्णालयात दाखल झाले. वजन उतरले, अंगात ताप. पुढल्या वसंतात इंग्रज मोहीम निघणार होती आणि तिने त्यांना बोलावले होते. आंग ल्हामू नको म्हणत होती. तरीही ते गेले. का गेले, याचे उत्तर आम्ही शोधू पाहिले, सापडले नाही. अठरा वर्षांत त्याच डोंगरावरची ही सातवी खेप, वय एकोणचाळीस, घरी दोन वयात आलेल्या मुली. आपल्या दार्जिलिंगच्या रवींद्रनाथ मित्र या बंगाली स्नेह्याने दिलेला लहानसा तिरंगा त्यांनी बरोबर घेतला.

जॉन हंट यांच्या १९५३ च्या मोहिमेचा पसारा लष्करी होता. सुमारे १०,००० पौंड सामान, ३६२ ओझेकरी, वीस शेरपा. काठमांडूस इंग्रज सदस्य वकिलातीत उतरले आणि शेरपांची सोय मोटारगाड्यांच्या जुन्या गॅरेजमध्ये झाली. तेथे शौचालयही नव्हते. शेरपांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इमारतीसमोरच लघुशंका उरकून आपले मत नोंदविले. सरदार या नात्याने तेनसिंग यांस दोन्ही बाजू सांभाळाव्या लागल्या. कोणत्याही कचेरीत मधल्या फळीत काम केलेल्या माणसास ही अवस्था सांगावयास नको.

या मोहिमेचाच ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ एव्हरेस्ट’ हा पूर्ण लांबीचा रंगीत अनुबोधपट. टॉम स्टोबर्ट हे मुख्य छायाचित्रकार. ज्या उंचीपलीकडे त्यांना जाता आले नाही तेथे न्यूझीलंडचे जॉर्ज लो यांनी कॅमेरा चालविला. त्या उंचीवर चित्रण करणे म्हणजे काय, याची कल्पना आपणांस येणे कठीण. हातमोजा काढावा तर बोटे गोठतात. न काढावा तर कळ फिरत नाही. थंडीने फिल्म ठिसूळ होऊन तुटते, यंत्रातले वंगण घट्ट होते, आणि श्वास तर प्रत्येक पावलास मोजून घ्यावा लागतो, कारण शिखराजवळच्या हवेत समुद्रसपाटीच्या मानाने प्राणवायू जेमतेम एकतृतीयांश उरतो. ८,००० मीटरच्या वर शरीर झिजतच जाते. विश्रांतीनेही ते सावरत नाही. म्हणून त्या पट्ट्यास मृत्युप्रदेश म्हणतात. तेथे नेलेला प्रत्येक पौंड कोणाच्या तरी पाठीवरून जातो, आणि कॅमेरा तरी त्याला अपवाद कसा असेल?

एप्रिलअखेर खुंबूच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी यांच्या पायाखालचे बर्फ खचले आणि ते भेगेत कोसळले. मागे दोरीवर तेनसिंग होते. त्यांनी हिमकुऱ्हाड रोवून दोरी आवळून धरली म्हणून हिलरी वाचले. तेव्हापासून ही जोडी जमली. २६ मे रोजी बूर्दियों आणि एव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले. २८ मेची रात्र हिलरी आणि तेनसिंग यांनी सुमारे ८,५०० मीटरवरील तंबूत काढली. सकाळी हिलरींचे बूट लाकडासारखे कडक झाले होते; ते शेगडीवर मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंग बूट पायांतच ठेवून झोपले होते. साडेसहास निघून, अखेरचा उभा कडा ओलांडून, २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता दोघे माथ्यावर पोचले. तेनसिंग यांच्या गळ्यात लाँबेरने दिलेला तांबडा रुमाल होता. त्यांनी बर्फात खळगा करून थोडी मिठाई आणि मुलगी नीमा हिने दिलेली पेन्सिल ठेवली. अक्षरशत्रू बापाने जगाच्या माथ्यावर लेकीची पेन्सिल ठेवावी, यावर आम्ही काही भाष्य करीत नाही.

चलच्चित्राचा कॅमेरा तेथे नव्हता. पंधरा मिनिटांत हिलरींनी आपल्या साध्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली आणि जगभर गेले ते तेनसिंग यांचे : उंचावलेल्या हिमकुऱ्हाडीवर संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांची निशाणे, चेहरा प्राणवायूच्या मुखवट्यामागे. अनुबोधपटात शिखराचा क्षण या स्थिर चित्रानेच भरून काढावा लागला. त्या चित्रपटातील आम्हांस सर्वाधिक आवडलेला प्रसंग शिखरावरचा नाहीच. दोघे खाली छावणीकडे येत आहेत. स्टोबर्ट यांनी अगोदरच विनविले होते की जवळ येईपर्यंत खूण करू नका. त्यामुळे हंट यांच्या मनात पराभवाची शंका आहे. मग लो हिमकुऱ्हाड शिखराच्या दिशेने उगारतात आणि हंट धावत येऊन दोघांना मिठी मारतात. लष्करी शिस्तीचा तो इंग्रज गृहस्थ दोघांच्या गळ्यात पडलेला पाहिला की मोहिमेचा सगळा ताण आपल्याही खांद्यावरून उतरतो. अशा त्या काळच्या चित्रपटांत ओझेकऱ्यांच्या रांगाच रांगा दिसतात, परंतु त्यांची नावे मात्र क्वचितच कळतात. या चित्रपटाच्या नावातील ‘विजय’ हा शब्दही आम्हांस रुचत नाही. चोमोलुंग्मास तेनसिंग देवता मानीत. देवतेवर कोणी विजय मिळवीत नाही.

खाली उतरल्यावर दुसरी चढाई सुरू झाली. आधी कोणाचे पाऊल पडले? काठमांडूच्या मिरवणुकीत तेनसिंग वर उभे राहून हिलरींना दोरीने ओढीत आहेत अशी चित्रे मिरविली गेली. ज्यांना डोंगर ठाऊक नव्हता त्यांना त्यात राष्ट्राची अब्रू दिसू लागली. शेवटी २२ जून रोजी दोघांनी एका निवेदनावर सह्या केल्या की आम्ही जवळजवळ एकत्रच पोचलो. दोन वर्षांनी आपल्या आत्मकथनात तेनसिंग यांनी स्वतःच सांगून टाकले की हिलरी एक-दोन पावले पुढे होते. लोकांनी देऊ केलेला मान स्वतःच्या तोंडाने परत करणे हे सोपे काम नव्हे.

आणि तू कोणाचा, हा प्रश्न! नेपाळ म्हणे आमचा, भारत म्हणे आमचा, आणि जन्माचे धागे तर तिबेटशी. पारपत्र कोणत्या देशाचे घ्यावे, इथपर्यंत ओढाताण झाली. आपल्याला नेपाळने जन्म दिला आणि भारताने वाढविले, दोन्ही आपलीच, असे ते सांगत. तांबरममध्ये तीस-तीस वर्षे काढलेल्या आपल्या मंडळींना शेजारी आजही विचारतात, नेटिव्ह कुठले? सातारा म्हणावे तर तेथे आता घर उरलेले नाही. तांबरम म्हणावे तर शेजाऱ्याचे समाधान होत नाही. तंजावरच्या मराठी कुटुंबांना तर हा प्रश्न तीनशे वर्षांनंतरही चुकत नाही. तेनसिंग अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पोटासाठी आले, मुले दार्जिलिंगला वाढली, जळाले ते दार्जिलिंगच्या मातीत. या प्रश्नाला त्यांनी त्रासून उत्तर दिल्याचे आम्ही कोठे वाचले नाही.

पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीत जवळ केले, लंडनला जाण्यासाठी आपले स्वतःचे कपडे दिले. ते त्यांना नेमके बसले. लंडनमध्ये हंट आणि हिलरी यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, तेनसिंग यांना जॉर्ज पदक. या फरकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भारत सरकारने १९५९ मध्ये पद्मभूषण दिले.

४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. मेजर नंदू जयाल प्राचार्य, तेनसिंग क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक. जयाल १९५८ मध्ये चो ओयू मोहिमेवर वारले. तेनसिंग मात्र १९७६ पर्यंत, सलग बावीस वर्षे, त्याच जागी शिकवीत राहिले : गाठी कशा माराव्यात, पडणाऱ्या सोबत्यास दोरीवर कसे धरावे, केव्हा मागे वळावे. १९६५ मध्ये मोहन सिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ भारतीय शिखरावर पोचले. त्यांत तेनसिंग यांचे भाचे नवांग गोंबू होते, आणि तिघे तर बरोबर २९ मे या दिवशीच पोचले. सह्याद्रीच्या कड्यांवर हात बसलेली आपली मुंबई-पुण्याची पोरे पिढ्यान्‌पिढ्या दार्जिलिंगच्या या संस्थेत शिकून आली आहेत. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक.

परंतु तेनसिंग यांनी स्वतःच्या मुलांना मात्र डोंगरापासून दूर ठेवले. आंग ल्हामू १९६४ मध्ये वारली. तिसरी पत्नी डाकू हिच्यापासून झालेल्या मुलांना त्यांनी दार्जिलिंगच्या उत्तम शाळेत घातले, पुढे शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले. एका भारतीय मोहिमेत जागा मिळावी म्हणून अठरा वर्षांच्या जामलिंगने बापाकडे शब्द टाकण्याची विनंती केली. बापाने नकार दिला. आपण चढलो ते मुलांना चढावे लागू नये म्हणून, असा त्यांचा विचार होता. परक्यांच्या मुलांना हजारोंनी डोंगर शिकविणाऱ्या माणसाचा हा दुटप्पीपणा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. शेरपांच्या घरी डोंगर हा छंद नव्हता. ती मजुरी होती, आणि ती मजुरी आपल्यापाशी संपावी असे कोणत्या बापाला वाटणार नाही?

९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे तेनसिंग वारले. इन्स्टिट्यूटच्या आवारातच त्यांना अग्नी दिला. तेथे आता त्यांचा पुतळा आहे.

दहा वर्षांनी, १९९६ च्या वसंतात, डेव्हिड ब्रेशिअर्स हे आयमॅक्सच्या प्रचंड पडद्यासाठी एव्हरेस्टवर अनुबोधपट काढण्यास गेले. चढणाऱ्यांत जामलिंग होते. या खास कॅमेऱ्याच्या एका रिळाचे वजन पाच पौंड, आणि ते संपे दीड मिनिटात. कॅमेरा, तिकाटणे, रिळे, सारे शेरपांच्या पाठीवर. १० मेच्या वादळात वरच्या भागात इतर मोहिमांतील आठ माणसे दगावली. चित्रण थांबवून या चमूने आपल्या साठ्यातील प्राणवायू अडकलेल्यांसाठी खुला केला आणि जिवंत राहिलेल्यांना खाली आणण्यास हात दिला. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवणे ही गोष्ट आम्हांस त्या चित्रपटातील कोणत्याही दृश्याहून मोठी वाटते. मग ते पुन्हा वर गेले. वाटेवर ओळखीच्यांची प्रेते होती. २३ मे रोजी जामलिंग शिखरावर पोचले आणि त्यांनी तेथे आपल्या आईवडिलांचे छायाचित्र ठेवले. १९९८ मध्ये प्रदर्शित झालेला तो चित्रपट जगभर गाजला.

ओझेकऱ्यांची बाजू पडद्यावर पूर्णपणे येण्यास याहूनही वेळ लागला. १८ एप्रिल २०१४ रोजी त्याच खुंबूच्या हिमप्रपातात बर्फ कोसळून सोळा नेपाळी कामकरी मेले. जेनिफर पीडम यांचा ‘शेरपा’ हा २०१५ चा अनुबोधपट त्या दिवसावर आहे. त्यात मृतांचे सोबती काम थांबवितात. वर जाणार नाही असे सांगतात. हा नकार मात्र कॅमेऱ्याने टिपला आहे. नंगा पर्वताच्या पायथ्याशी १९५० मध्ये तेनसिंग काय बोलले असतील, याचा थोडा अंदाज ते पाहताना येतो. मंडळातील मुलांनी एकच चित्रपट पाहावयाचा असेल तर हा पाहावा, आणि पालकांनी शेजारी बसून पाहावा.

२००२ मध्ये, पहिल्या चढाईस पन्नास वर्षे होत असल्याच्या निमित्ताने, आणखी एका अनुबोधपटासाठी हिलरींचे पुत्र पीटर शिखरावर गेले. त्यांच्याबरोबर जामलिंगही मोहिमेत होते. शिखरास एकदाच जाईन असा शब्द त्यांनी पूर्वी पत्नीस दिला होता. पीटर वर चढत असताना ते तळछावणीवर थांबून मोहिमेची व्यवस्था पाहत होते.